चौथ्या जागेची हजेरी

१४ जानेवारी, गुरुवार. किरुना

पोहोचले. दिवसभरात झालं ते क्रमाने:

१. विमान सव्वाअकराला उतरलं. उणे एकतीस. पहिल्याच श्वासाला नाकातले केस गोठले.
२. माझ्या दोन पेट्यांपैकी एकच आली. न आलेल्या पेटीत पुस्तकं आहेत, आलेल्या पेटीत लोकरीचे कपडे. उलटं झालं असतं तर रडले असते.
३. घ्यायला रौनी लांटो आली होती. वय चोपन्न, जन्म इथलाच, मोहिमेतलं ओझोन मोजायचं यंत्र तिचं. तिने माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, हे बूट तुमच्या ईस्टाडच्या समुद्रावर फिरायला छान आहेत, इथे यांच्यासकट बोटंही काढावी लागतील. मग मागच्या सीटवरून दुसरे बूट काढून दिले. मापाचे निघाले.
४. खोली लहान, कोरडी, गरम. टेबलाला खण आहे. खणाला किल्ली आहे.
५. मोहिमेचा प्रमुख हेनिंग भेटला. गोथेनबर्गचा, उंच, हळू बोलणारा. माझ्या प्रबंधातलं बाविसावं पान त्याला आठवत होतं. तिथे चूक आहे, तीही आठवत होती.
६. गुरुवार, म्हणून रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. दोनदा घेतलं.

गाडीतली एक गंमत लिहून ठेवते. मी रौनीला विचारलं, या आठवड्यात उड्डाण होईल का. तिने एकदम श्वास आत ओढला, ठेच लागल्यासारखा. मी घाबरून विचारलं, काय झालं? ती स्टिअरिंगवर हात आपटून हसली. ते "हो" होतं. इकडची माणसं हो बोलत नाहीत, ओढतात. मला ऐकून माहीत होतं, पण इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकलं. रौनी म्हणाली, एवढ्या थंडीत तोंड उघडून गरम हवा कोण वाया घालवेल? तुम्ही दक्षिणेकडचे घशात लापशी अडकल्यासारखं बोलता, त्यापेक्षा हे बरं.

बरं वाटलं. झोपते.

१६ जानेवारी

विमान बघितलं. लहान आहे, जुनं आहे, स्वच्छ ठेवलेलं आहे. हिवाळ्यात ध्रुवाकडे स्थितांबर, म्हणजे ज्यात ओझोन असतो तो हवेचा थर, खाली आलेलं असतं, त्यामुळे तेरा किलोमीटरवर गेलं की आम्ही त्याच्या आतच असतो. ज्या हवेची मोजणी करायची ती खिडकीबाहेर.

केबिनमध्ये चार जागा एकामागे एक. पहिली ओळ कॉकपिटची. तिथे वैमानिक अस्लाक, शेजारी सहवैमानिक. दुसरी जागा माझी. माझा लेझर छतातल्या खिडकीतून वर जातो आणि वरच्या ढगांतल्या सूक्ष्म कणांवरून परत येतो. तिसरी रौनीची. चौथी रिकामी, तिथे पूर्वी कण गोळा करायचं यंत्र होतं, आता नुसती खुर्ची आणि तिचा मास्क उरला आहे.

माझ्या यंत्राला उजेड चालत नाही. कॉकपिटचं दार आतून कडी लावून बंद, दाराखाली रबराची पट्टी. रौनी आणि माझ्यामध्ये काळा पडदा.

वर गेल्यावर केबिनमध्ये सात हजार मीटरच्या डोंगरावर असते तेवढीच हवा उरते. म्हणून मास्क. मास्कमध्येच माइक. नळी निसटली तर माणसाला स्वतःला कळत नाही. उलट बरं वाटतं, मग चार मिनिटांत शुद्ध जाते. त्यानंतरही थोडा वेळ माणूस वाचू शकतो. यासाठी हजेरी असते. दर दहा मिनिटांनी दुसऱ्या जागेवरच्याने आकडे पुकारायचे, ज्याने-त्याने उत्तर द्यायचं, कॉकपिटचं अस्लाकने, छापील तक्त्यात "हो" लिहायचं. उत्तर आलं नाही तर विमान खाली.

हे काम माझं. काम सोपं आहे.

१९ जानेवारी

पहिलं उड्डाण. साडेनऊ ते सव्वाएक.

काय दिसलं ते लिहिणं माझ्या स्वभावात नाही, तरी एक वाक्य लिहिते: वर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे ढग होते आणि माझी रेघ त्यांच्यातून गेली. एकवीस किलोमीटरवर कण दाट. तपमान उणे ब्याऐंशी. अशा ढगांवरच ओझोन खाणारी रसायनं जागी होतात. रौनीच्या यंत्रावर आकडा उतरायला सुरुवात झाली आहे.

एक चूक केली. छापील तक्त्यात ओळी चार आहेत. मी वाचत गेले: एक? अस्लाकने श्वास ओढला. तीन? रौनीने ओढला. चार? श्वास. मी "हो" लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. दहा मिनिटांनी पुन्हा तसंच. खाली उतरल्यावर तक्ता देताना लक्षात आलं की चौथ्या जागेवर कोणी नाही.

रौनीला सांगितलं. ती म्हणाली, उंदीर असेल. इथलाच दिसतोय, तोंड उघडत नाही म्हणजे.

मास्क घातला की श्वास आत ओढल्याचा आवाज सगळ्यांच्याच माइकवर येतो. मी रौनीचा पुढचा श्वास ऐकला असणार.

२३ जानेवारी

दुसरं उड्डाण. या वेळी तीनवरच थांबायचं ठरवून गेले होते.

तीन म्हटलं. रौनीचा होकार आला. त्यानंतर थोडं थांबून आणखी एक आला. न विचारता. जणू आपला नंबर येईल म्हणून कोणी तयार बसलं होतं आणि बोलावलं नाही तेव्हा स्वतःच बोललं.

बावीस वेळा हजेरी घेतली. बावीस वेळा आला.

२५ जानेवारी

केबिनमधला आवाज ध्वनिमुद्रित होतो. आज तो ऐकला, नंतर आलेख काढून मोजला. भीती वाटली म्हणून नाही. मोजता येतं म्हणून.

पुकारणं आणि होकार यांतलं अंतर: अस्लाक सरासरी ०.७ सेकंद. रौनी ०.६. चौथा, पहिल्या उड्डाणात, ०.६. दुसऱ्या उड्डाणाच्या शेवटी, तीन म्हटल्यापासून मोजलं तर, ०.८. म्हणजे रौनी संपली की लगेच.

चौथ्या जागेचा माइक वेगळ्या वायरवर आहे. आवाज त्याच वायरवर आहे.

हेनिंगला दाखवलं. त्याने आलेख बघितला, हेडफोन लावायला नको म्हणाला. खिशातलं पेन काढून माझ्या तक्त्यांतली चौथी ओळ एकेक करून खोडत बसला. तीसेक कोरे तक्ते होते. सगळे खोडले. छपाईत राहून गेली होती, म्हणाला. चौथा माइक काढून टाकायला सांगतो, म्हणाला.  

२८ जानेवारी, गुरुवार

सुपाच्या टेबलावर मी रौनीला सरळ विचारलं, चौथ्या जागेवर कोण बसायचं?

तिने चमचा खाली ठेवला. इस्को, म्हणाली. इस्को पालो. कण गोळा करायचा. तिच्याच गल्लीतला, शाळेपासूनचा. गेल्या फेब्रुवारीत त्याची नळी निसटली. तेव्हा हजेरी हेनिंग घेत होता. हेनिंग "चार?" म्हणायचा, कानात श्वास ऐकू यायचा, तो "हो" लिहायचा. इकडच्या माणसांत राहून शिकला होता ना, श्वास म्हणजे हो. चार वेळा लिहिलं.

मी म्हटलं, म्हणजे तो बेशुद्ध होता आणि श्वास चालू होता.

रौनी म्हणाली, असंच आम्ही सगळे म्हणतो. पण डॉक्टर म्हणाला होता, पहिल्या दहा मिनिटांतच गेला. मग बाकीचे तीन कोणाचे?

मग म्हणाली, खा, पॅनकेक गार होतो. आणि म्हणाली, हेनिंगला यातलं काही बोलू नकोस, तो अजून रोज तेवढंच खातो जेवढ्याने मरणार नाही.

१ फेब्रुवारी

तिसरं उड्डाण. चौथा माइक काढलेला आहे. मी स्वतः बघितला, दोन वायरी टेप लावून बांधल्या आहेत.

उड्डाणाआधी मी सगळ्यांना सांगितलं की आजपासून श्वास चालणार नाही, शब्द बोलायचा. अस्लाकने विचारलं, कुठला शब्द, "आमेन" चालेल का? रौनीने "पॅनकेक" घेतला. अस्लाकने "बायको", कारण तो शब्द तो विसरूच शकत नाही. सगळे हसले. मीही.

पहिल्या पाच फेऱ्या: बायको, पॅनकेक. बायको, पॅनकेक. चौथा आवाज नाही. मला इतकं हलकं वाटलं की सहाव्या फेरीला मीच हसत पुकारलं.

सहावी: बायको. श्वास.
मी म्हटलं, रौनी, शब्द. श्वास.

चाळीस-पन्नास वर्षांची सवय. मी हो लिहिलं. हे मी लिहिलं. माझ्या अक्षरात आहे.

मग राहवलं नाही, सातवी दोनच मिनिटांत पुकारली. तिलाही श्वास. त्याला अंतर नव्हतं. "तीन" हा शब्द संपायच्या आत आला. माणसाला इतक्या लवकर उत्तर देता येत नाही. मी उठून फिरण्यासाठी असलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावून पडदा सरकवला. रौनी पुढे वाकली होती. ओठ निळे. नळी खांद्यावरून लोंबत होती. जोडली. एका मिनिटात तिने डोळे उघडले आणि विचारलं, ओझोन किती आहे?

तिला वाटत होतं तिने प्रत्येक वेळी पॅनकेक म्हटलं.

२ फेब्रुवारी

हेनिंगला लेखी दिलं. मागण्या तीन: उड्डाणं थांबवा. ते जमत नसेल तर प्रत्येक जागेवर बटण आणि माझ्यासमोर दिवा बसवा. तेही जमत नसेल तर रौनीला नेऊ नका.

तो म्हणाला, नळीची जोडणी नवी बसवतो. दिव्याची वायर टाकायला परवानगी लागते, तीन आठवडे. थंडी मात्र एक आठवडा टिकेल. ध्रुवाभोवती फिरणारा थंड हवेचा भोवरा नेमका आमच्या डोक्यावर आहे. असा हिवाळा दहा वर्षांत एकदा येतो. आणखी एक उड्डाण. शेवटचं.

त्याला आवाज ऐकवायचा प्रयत्न केला. तो खोलीबाहेर गेला.

रौनीकडे गेले. तिने इकडच्या पद्धतीने कॉफीत चीज घातलं आणि मला ओरडली. म्हणाली, तू काल आलीस, मी हे आकडे तेवीस वर्षं लिहिते आहे. या वर्षीचा राहिला तर पुढच्या माणसाला कळणारच नाही की ओझोनचं भोक किती खोल गेलं. मी म्हटलं, तू मरशील. ती म्हणाली, पोरी, मला मारायला इस्को कशाला येईल? शाळेत त्याचं गणित मी करून द्यायचे.

मग हळू म्हणाली, तो मारत नसेल. त्याला वाटत असेल आपण मदत करतोय. आपल्याला उत्तर देता येत नाही, म्हणून कोणीतरी द्यावं.

मला हे त्याहून वाईट वाटतं.

५ फेब्रुवारी

एक तारखेचा आवाज पुन्हा मोजला.
सहावी फेरी: ०.२.
सातवी: शून्य.
रौनी शुद्धीवर आल्यानंतरच्या, परतीच्या फेऱ्याही मोजल्या. ती पॅनकेक म्हणते आहे, स्पष्ट. पण त्याच्या खाली श्वास आहे. उणे ०.१. उणे ०.३. मी पुकारायच्या आधी.

यंत्र तपासलं. घड्याळ तपासलं. माझीच चूक असावी म्हणून तीनदा तपासलं. चूक नाही.

७ फेब्रुवारी

दुपारी आईचा फोन. ठीक आहेस ना यिल्वा, जेवतेस ना, असं विचारत होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आई हसली. म्हणाली, तीन आठवड्यांत उत्तरेकडची झालीस की गं, हो ओढायला लागलीस.

मी अजून काही बोलले नव्हते.

८ फेब्रुवारी

मी जाणार नाही म्हणून सांगितलं. हेनिंग म्हणाला, ठीक आहे, लेझर मला चालवता येतो. हजेरी मी घेईन.

त्याने आधी चार वेळा "हो" लिहिलेलं आहे.

अस्लाकला सांगून बघितलं, कॉकपिटचं दार उघडं ठेव. तो म्हणाला, मग तुझा लेझर काय बघणार, माझं टक्कल? मी हसले नाही तेव्हा त्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काही झालं तर नुसती हाक मार, मी नाक खाली करतो. दोन मिनिटांत श्वास घेण्याजोग्या हवेत.

नुसती हाक.

मी जाते. दर दहा मिनिटांनी सिलिंडर घेऊन पडद्यामागे जाणार, रौनीच्या खांद्याला हात लावणार. कान वापरणार नाही.

१० फेब्रुवारी. विमानात

१०.५०. तेरा किलोमीटर. वही मांडीवर, लाल दिवा. उजवीकडे लेझर, ठीक. तपमान उणे त्र्याऐंशी. बाहेर ढग आहेत. बघत नाही.

११.१०. खांद्याला हात लावला. रौनीने माझ्या हातावर चापट मारली. जिवंत.

११.२०. जिवंत. माझ्या कानात सांगितलं, ओझोन तिने आयुष्यात बघितला नव्हता इतका कमी आहे. डोळे लहान मुलीसारखे.

११.३०. जिवंत.

११.४०. हजेरी मी अजून पुकारलेली नाही. कानात होकार येऊन गेले. एक. दोन. तीन. चार.
दोन म्हणजे मी.

११.५०. रौनी खाली पडली आहे. नळी जागेवर आहे, नवी जोडणी घट्ट आहे, पण भिंतीतला व्हॉल्व्ह मेला आहे, हवाच येत नाही. माझी नळी पडद्याखालून ओढली. पुरते. माझा मास्क तिला लावला. मी सिलिंडरवर. खूप वापरलाय, काटा तांबड्याजवळ.

११.५३. तिच्या तोंडावरच्या माझ्या माइकमध्ये ओरडले — अस्लाक, खाली. माइकचं बटण दाबलेलं होतं. हेडफोनमध्ये माझा शब्द आला नाही. त्याच्या आधी श्वास. अस्लाक म्हणाला, छान, अजून चाळीस मिनिटं.

११.५५. दार ठोकलं. अस्लाकने विचारलं, यिल्वा, कसला आवाज, सगळं ठीक ना?
श्वास.
बरं, म्हणाला.

११.५७. वहीचं पान फाडलं. "खाली उतर. रौनी मरते आहे. काही ऐकू नकोस." दाराखालून सरकवलं. रबरात अडकलं. अर्धं आत आहे. पलीकडून कोणी ओढलं का ते —
अजून अर्धंच आहे.

११.५८. काटा तांबड्यावर. रौनीचा मास्क धुकट होतो, निवळतो, धुकट होतो. श्वास आहे. तिचा आहे. डोळ्यांनी बघितला. तो काढून घेणार नाही.

एकच मास्क मोकळा आहे.

१२.०१. चौथी जागा. मास्क आतून ओला. कोमट. कोणी आत्ताच काढून ठेवल्यासारखा.
हवा येते. पण मी घ्यायच्या आधी कोणीतरी ओढतं. छाती हलते, माझ्या आधी. मी मागे पडते —

१२.०४. बरं वाटतंय. बरं वाटतं तेव्हा — हे मीच लिहिलं होतं. बरं वाटणं वाईट.

अस्लाक हजेरी घेतोय. त्याने का घ्यावी. एक. दोन. तीन.
चार म्हणाला.
शब्द तयार ठेवला होता. तोंडात होता. रौनी, असा. बोलायच्या आधीच हो झालं.

नाक खाली जातंय का. पेन सरकतं पुढे. की हातच —

पान दिसत नाही दाराखाली. ओढलं त्याने. किंवा दिसत नाही —

वही मिळेल त्याने. विनंती एक. रौनी लांटो जिवंत उतरली का, कळवावं. शुक्रवारपर्यंत, बारा तारखेपर्यंत. लेखी. जगली असेल तर तसं शब्दात लिहा, पूर्ण शब्दात, नुसता श्वास मी —